ड्रॅगन्स लेअरमध्ये 'गेम' कुठे होता म्हणणाऱ्यांना

तुम्ही विचारलंय की ड्रॅगन्स लेअरसारखे कार्टून पिक्चरवाले आर्केड गेम (दुकानात नाणं टाकून खेळायचे) एवढे गाजले आणि दोनेक वर्षांत गायब का झाले, आणि आज खेळायचे तर कुठून सुरुवात करू. इथपर्यंत ठीक. पण शेवटी 'तसंही त्यात गेम असं काही नव्हतंच ना, नुसता पिक्चर बघायचा' हे जे जोडलंय, त्यासाठी मी लिहायला बसलोय.

1983 मध्ये बाबांच्या नोकरीमुळे आम्ही न्यू जर्सीत होतो, मी हायस्कूलला, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एका आर्केडमध्ये सुट्टे पैसे द्यायच्या काउंटरवर बसायचो. बाकी सगळीकडे चौकोनी ठिपक्यांची माणसं पळत होती आणि या एका मशीनवर ड्रॅगन्स लेअरचा नायक डर्क म्हणजे खराखुरा कार्टूनचा माणूस, हाताने काढलेला, डॉन ब्लूथच्या स्टुडिओचा. हा ब्लूथ 1979 ला डिस्ने सोडून बाहेर पडलेला, त्याचा पहिला मोठा पिक्चर फारसा चालला नाही, तेव्हा रिक डायर हा गेम बनवणारा लेझरडिस्कची, म्हणजे व्हिडिओ साठवणाऱ्या मोठ्या तबकडीवर गेम करायची, कल्पना घेऊन त्याच्याकडे गेला. आवाजाला वेगळे नट घ्यायला पैसे नव्हते म्हणून स्टुडिओतल्याच लोकांनी आवाज दिले, राजकन्या डॅफ्नीचा आवाज तर त्यांच्या क्लीनअप (कच्ची चित्रं नीट रेखाटायच्या) विभागाच्या प्रमुख बाईंचा. बाकी गेमना 25 सेंट लागायचे, याला 50, तरी इतकी गर्दी की मालकाने मशीनच्या डोक्यावर दुसरा टीव्ही बसवला, मागच्यांना दिसावं म्हणून.

माझा चुलत भाऊ तेव्हा एमएस करायला आला होता, वीकेंडला आमच्याकडे असायचा. दादा कॉम्प्युटरवाला. त्याने पाच मिनिटं पाठीमागे उभं राहून बघितलं आणि निकाल देऊन टाकला, 'हे फसवणं आहे, डिस्कवर व्हिडिओ आहे आणि तू फक्त पुढचा तुकडा मागतोयस.' मी म्हटलं, दादा, तू एकदा खेळ तरी. नाही खेळला. चाळीस वर्षं झाली, घरच्या ग्रुपवर विषय निघाला की अजून तेच बोलतो.

आता नीट ऐका. डिस्कच्या एका बाजूला 54,000 फ्रेम, प्रत्येकीला नंबर. आतला झेड80 प्रोसेसर बघतो की या ठरावीक क्षणात तुम्ही जॉयस्टिक बरोबर दिशेला नेली का, तलवारीचं बटण दाबलं का, आणि त्यावरून डिस्क प्लेअरला पुढची फ्रेम सांगतो. चुकलात की डर्क मेलाच. म्हणजे खेळ चित्रात नाहीच, तो त्या क्षणाच्या टायमिंगमध्ये आहे, आणि तबला ऐकणाऱ्याला तरी हे वेगळं सांगायला लागू नये. 'पाठ केलं की झालं' म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं की प्रसंगांचा क्रम बदलायचा, आणि काही प्रसंग आरशात बघितल्यासारखे उलटेही यायचे, उदाहरणार्थ उडत्या घोड्याचा, म्हणजे डावीकडची पाठ केलेली चाल उजवीकडे. आमच्याकडे एक मुलगा होता, नुसतं पाठ करून आलेला, तो या उलट्या घोड्यावरच दरवेळी मरायचा आणि चिडून मशीनला लाथ मारायचा. दादा त्या दिवशी तिथे हवा होता.

गायब का झाले, तर मुख्य कारण डिस्क प्लेअर. ते सलग पिक्चर बघायला बनवलेले, इथे दिवसभर पुढे-मागे उड्या मारायला लावले, मग बिघडायचे. आमचं मशीन सारखं बंद असायचं आणि शिव्या काउंटरवर मला. त्यातून अमेरिकेत त्याच सुमारास व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला, आणि पाठोपाठ आलेल्यांपैकी काहींनी स्वतः चित्रं काढायचे कष्ट घेतले नाहीत, क्लिफ हँगर या गेमने ल्युपिन या कार्टून चोराच्या जपानी पिक्चरमधलेच तुकडे वापरले. जपानात मात्र पुढेही चांगले निघाले, टायटोचा टाइम गॅल आणि डेटा ईस्टचा रोड ब्लास्टर, दोन्ही 1985 चे, नंतर मेगा-सीडी या सेगाच्या घरगुती गेम यंत्रावर घरीही आले. आणि आजकाल मोठ्या गेममध्ये मधेच 'आता हे बटण दाबा' येतं ना, ते यांचंच, तिथे कोणी विचारत नाही गेम कुठे आहे म्हणून.

हां, एक मान्य आहे, यात स्वतःच्या मनाने कुठे फिरता येत नाही आणि एकदा संपवला की परत पैसे टाकायची ओढ कमी होते, हाही धंद्याला फटकाच. ब्लूथच्याच पुढच्या गेममध्ये, स्पेस एसमध्ये, कॅडेट, कॅप्टन, एस अशा पातळ्या दिल्या त्या बहुतेक त्याचसाठी.

सुरुवात ड्रॅगन्स लेअरनेच करा, स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात मिळतो. चाली दाखवायची सोय असेल तर बंद ठेवा, आणि यूट्यूबवर आधी अजिबात बघू नका, कारण बघून मत बनवणारे आमच्या घरात एक आहेतच. दादालाही तो विकत घेऊन पाठवलाय मी, डाउनलोड केलाय म्हणतो, अजून उघडलेला नाही.