पू, पूतना आणि प्रतिजैविक

फोंड्याच्या एका वाचकाने विचारलंय: अँटिबायोटिकला 'प्रतिजैविक' म्हणावं की 'प्रतिजैवक', आणि 'प्रतिजैविकांनी प्रतिकारशक्ती मरते' असं लिहिलेलं चालेल का?

प्रतिजैविक. शब्द रुळलाय, त्याच्या वाटेला जाऊ नका. कान किटतात ते 'डॉक्टरनी अँटिबॉडीच्या गोळ्या दिल्या' हे ऐकून. अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंड. ती शरीर बनवतं आणि नव्या जंतूशी पहिली गाठ पडली तर त्याला आठवडाभर सहज लागतो. तोवर खिंड लढवतो तो जन्मजात प्रतिकार, म्हणजे कुठल्याही जंतूवर लगेच धावून जाणारी उपजत फौज, आणि त्याची डोळ्यांना दिसणारी खूण म्हणजे पू.

हा शब्द बघण्यासारखा आहे. संस्कृत 'पूय', त्याच घरचा 'पूति' म्हणजे दुर्गंधी. लॅटिन 'पुस', ग्रीक 'प्युऑन', इंग्रजी 'फाउल' हे सगळे भाऊबंद. आपली 'पूतनामावशी'ही मी याच कुळात घालतो. काही पंडित तिला 'पूत' म्हणजे शुद्ध, यावरून काढतात. बाळाला विष पाजणारी बाई शुद्ध कशी, हे मात्र सांगत नाहीत. सुश्रुताने बालकांना पीडणाऱ्या नऊ ग्रहांत पूतना, अंधपूतना आणि शीतपूतना अशा तिघी सांगितल्या आहेत. स्तन पिकून दुधात पू उतरतो ही बाळंतिणींची जुनी व्यथा. विषारी स्तनाची राक्षसी तिथूनच आली असावी. पुरावा मागाल तर हा माझा कयास, पण 'शुद्ध'वाल्यांच्या कयासापेक्षा बरा.

सुश्रुत व्रणशोथाच्या, म्हणजे पिकू पाहणाऱ्या सुजेच्या, तीन अवस्था देतो: आम (कच्ची), पच्यमान (पिकत असलेली), पक्व. आपण 'गळू पिकलं' म्हणतो ते हेच 'पक्व'. पिकतं म्हणजे होतं काय? जंतूंचा सुगावा लागताच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून तिथे जमतात, जंतू गिळतात आणि मरतात. पू म्हणजे बव्हंशी त्यांचाच खच. त्याची हिरवट झाक बऱ्याचदा त्यांच्यातल्या मायलोपेरॉक्सिडेज या हिरव्या विकराची (एन्झाइमची) असते. म्हणून 'रक्त नासलं की पू होतो' हे उलटं आहे. पिकलेल्या गळवावर नुसत्या गोळ्या का चालत नाहीत तेही इथेच कळतं: आत रक्तपुरवठा नाही, आम्लता जास्त, जंतूंची वाढ मंदावलेली, आणि पेनिसिलीन तर वाढत्या जंतूंवरच नीट चालतं. तिथे चीर देऊन निचराच करावा लागतो.

राहिलं 'मरते' हे क्रियापद. ते सरसकट वापरू नका. ॲझिथ्रोमायसिनसारखी औषधं न्यूट्रोफिलची गर्दी कमी करतात, म्हणून फुप्फुसांच्या काही जुनाट दुखण्यांत ती मुद्दाम दीर्घकाळ देतात. पेनिसिलीनच्या गटाचं उलट आहे. ते जंतूची भिंत फोडतं, तुकडे रक्तात सांडतात, आणि जन्मजात प्रतिकार ते ओळखून आणखी भडकतो. जंतुजन्य मेंदूज्वरात पहिल्या मात्रेच्या आधी किंवा सोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात ते हा भडका दाबायला.

पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुजन्य ताप) होतो, त्यातही हे घडतं. पेनिसिलीनचं पहिलं इंजेक्शन घेतल्यावर काही तासांत हुडहुडी भरून जोर चढतो (आपल्याकडचा 'जोर' हा 'ज्वर'च), रक्तदाब उतरू शकतो, आणि बहुधा दिवसभरात सगळं ओसरतं. याला यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात. घरचे म्हणतात 'औषध बाधलं' आणि पुढची मात्रा चुकवतात. बाधणं वेगळं: अंगावर गांध्या, ओठ सुजणं, दम लागणं. दोन्ही वेळा डॉक्टरांना लगेच कळवायचं, पण कळवताना 'बाधलं' न म्हणता काय झालं आणि इंजेक्शननंतर किती तासांनी, एवढं सांगायचं.