गप्प बसण्याची जागा

प्रश्न : ताई, मी कळव्याला राहतो, नोकरी कुर्ल्याला, सकाळची पाळी. दोन वर्षं मोबाइलवर बघून गिटार शिकतोय. चार गाणी केली, सोबत पाठवतोय. ज्याला ऐकवावं तो म्हणतो, ‘हे कुठंतरी ऐकलंय.’ चारही गाण्यांत जी, डी, ई मायनर आणि सी याच कॉर्ड आहेत, म्हणून असेल का? माझी स्वतःची स्टाइल कशी सापडेल? राग शिकू का? एफ कॉर्ड अजून नीट वाजत नाही. आणि कामामुळे रात्रीच वाजवायला मिळतं, तेव्हा बाबा ओरडतात. (मोठ्यानं वाजवतो म्हणून. त्यांनाही पहाटे उठायचं असतं. कारशेडमधून सुटणारी गाडी आम्ही दोघं मिळून पकडतो. गाडी रिकामी, पंखे बंद, आम्ही सगळे अंधारात गप्प बसून असतो.)
– एक वाचक, कळवा

उत्तर : चारही गाणी ऐकली, दोनदा. कॉर्डना दोष देऊ नकोस. त्या चार कॉर्डवर जगभर इतकी गाणी झालीत की त्या आता कुणा एकाच्या राहिलेल्याच नाहीत. घोळ तुझ्या उजव्या हातात आहे. चारही गाण्यांत तोच डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप. आधी हात सुरू करतोस आणि मग त्यात मराठी शब्द कोंबतोस. म्हणून ‘शहर’चं ‘शहाऽर’ होतं आणि ‘खिडकी’ची ‘खीऽडकी’. मराठीत बोलणारा मुलगा गाताना भलत्याच कुणासारखा वाटतो, तो इथे.

आणि शब्दांचं म्हणशील, तर ‘तुझ्याविना हे शहर सुनं’ ही ओळ मला खरी वाटली नाही. कळव्याहून कुर्ल्याला जाणाऱ्या माणसाला शहर सुनं कधी दिसतं रे? खरी ओळ तू पत्राच्या शेवटी कंसात टाकलीयस. मी ती मोठ्या अभंगाच्या मापात बसवून बघितली. सहा, सहा, सहा, चार अक्षरं. यात ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब नाही, नुसती अक्षरं मोजायची.

गाडी रिकामीच
पंखे सारे बंद
आम्ही अंधारात
गप्प बसू

आता गिटार मांडीवर आडवी ठेव आणि हे चार तुकडे नुसते बोल, आईला सांगतोयस तसे. बोलताना गिटारच्या लाकडावर थाप मार. जिथे आवाज आपोआप पडतो तिथेच थाप पडू दे. तोच तुझा उजवा हात. मग पहिले तिन्ही तुकडे एकाच ए मायनरवर म्हण, कॉर्ड बदल फक्त ‘गप्प’ला. चौथ्या तुकड्यात दोन अक्षरं कमी आहेत ना, ती जागा भरू नकोस. तिथे गिटार बोलेल, नाहीतर तीही गप्प बसेल. मला स्वतःला गप्प बसलेली आवडली.

बाबांच्या ओरडण्यावरून आठवलं. मी गिरगावात चाळीत वाढले. भिंतीपलीकडचे काका रात्रपाळी करून दिवसा झोपायचे आणि माझा रियाज दुपारी. मग पिक (तारा छेडायची चकती) ठेवून दिलं, अंगठ्यानं वाजवायला लागले, तळव्याची कड ब्रिजपाशी, म्हणजे तारा खाली जिथे अडकवलेल्या असतात तिथे, तारांवर टेकवून. तारा ‘टुक टुक’ अशा दबून वाजायच्या. पुढे ऑर्केस्ट्रात वाजवायला लागले तेव्हा लोक विचारायचे, ही दबक्या आवाजाची पद्धत कुणाकडून शिकलीस? काय सांगणार, शेजारच्या काकांकडून? तूही उद्यापासून रात्री तसंच वाजव. महिनाभर पिकला हात लावू नकोस.

एफचं म्हणशील तर बोटांना शिव्या देण्याआधी एक तपासणी कर. बोटांचा तोच आकार पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या पट्ट्यांतल्या पाचव्या घरात) धर, तिथे ए मेजर वाजेल. तिथे सहज वाजला आणि पहिल्या फ्रेटवर नाही, तर बहुधा नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उंच आहेत. दुरुस्तीवाल्याकडून घासून घे. स्वतः कानस चालवू नकोस, मी एक नट असाच वाया घालवलाय. तोवर एफ मेजर सेव्हन धर : बीची तार पहिल्या फ्रेटला, जी दुसऱ्या, डी तिसऱ्या, बारीक ई मोकळी, जाड दोन वाजवायच्याच नाहीत. कदाचित तुला तीच जास्त आवडेल. मग खऱ्या एफची घाई नाही.

राग शिकायचा तर गळ्यानं शिक, एखाद्या गुरूकडे बसून. गाण्यावर वरून भुरभुरायला म्हणून नको.

तारा कधी बदलल्यास? पावसाळ्याआधीच्या असतील तर गंजल्या असणार, रेकॉर्डिंगमध्ये जाड तारा मेल्यासारख्या वाजतायत. सुटीच्या दिवशी धोबीतलावला जा, फर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात दहाचा, म्हणजे बारीक तारांचा सेट माग, बाराचा नको. नव्या तारा चढवल्यास की ‘गप्प बसू’ फोनवर रेकॉर्ड करून पाठव. पंख्याचा आवाज आला तरी चालेल.