कोरियन साहेब, सही आणि कन्फ्यूशियस

प्रश्न : पुण्याजवळची आमची कंपनी एका कोरियन उद्योगसमूहाला सुटे भाग पुरवते. साच्यांच्या किमतीचा प्रस्ताव महिनाभर पडून राहिला. बैठकीत कुणी हरकतही घेतली नव्हती. मंजुरी आली आणि त्याच दिवसापासून नमुन्यांसाठी तगादा! हे काय गौडबंगाल?

प्रस्ताव पडून नव्हता, फिरत होता. वरिष्ठांसमोर उघड हरकत घेतली की चारचौघांत त्यांचा मान जातो. म्हणून बैठकीतल्या शांततेला तिथे कुणी होकार समजत नाही, खरी घासाघीस आधी किंवा नंतर होते. 'सावॉन' किंवा 'देरी' या खालच्या हुद्द्यावरचा माणूस मंजुरीची टिपणी लिहितो : गरज, खर्च, पर्याय, सोबत कोटेशनं. ती ग्वाजांग, छाजांग आणि मग विभागप्रमुख म्हणजे बुजांग, अशी चढत्या हुद्द्यांनी पायरीपायरीने वर चढते. मध्ये खरेदी, दर्जा, वित्त या विभागांची संमती लागते. पूर्वी चौकटींत शिक्के उमटायचे, आता तेच संगणकावर होतं. शेवटची सही पडेपर्यंत सगळ्यांचं एकमत झालेलं असतं, त्यामुळे मग थांबायला कारणच उरत नाही.

किती रकमेपर्यंत कुणाची सही अंतिम, याचे नियम मोठ्या कंपन्यांत ठरलेले असतात. ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या. टिपणी लिहिणाऱ्याला आयता मजकूर द्या : एका पानावर साचा, कच्चा माल आणि मजुरी यांची वेगवेगळी फोड, शिवाय एक स्वस्त पर्याय. वरून त्याला जे प्रश्न येणार, त्यांची उत्तरं त्याच्या हाती हवीत. उशीर होतोय म्हणून थेट 'सांगमू' म्हणजे संचालक पातळीवरच्या साहेबांना फोन मात्र करू नका. कागद पुन्हा खालीच येतो आणि ओलांडला गेलेला ग्वाजांग दुखावतो तो वेगळाच. 'तपासून पाहतो' हे उत्तर तारखेशिवाय दोनदा आलं, तर बहुधा नकार समजावा. टिपणी बुजांगपर्यंत पोचल्याचं कळलं की यंत्रावरचे तास राखून ठेवा, पण सहीआधी पोलाद विकत घेऊ नका.

प्रश्न : कोरियन कंपन्यांच्या या रीती वडीलधाऱ्यांचा मान शिकवणाऱ्या प्राचीन चिनी विचारवंताकडून, कन्फ्यूशियसकडून आल्या, असं सांगतात. हे सगळं खरंच कन्फ्यूशियसचं?

सगळं नाही. हुद्द्यांच्या या उतरंडीवर कोरियावरच्या जपानी राजवटीची (१९१०–४५) आणि जपानी कंपन्यांची दाट छाप आहे. हुकूम झाला की लगेच कामाला धावायचं, हे वळण सक्तीच्या लष्करी सेवेतून आणि लष्करी सत्ताधीश पार्क चुंग-ही यांच्या काळातल्या (१९६१–७९) धडाक्यातून आलं. कन्फ्यूशियसचं खरं दर्शन घडतं ते मालकांच्या घरात. एलजीमध्ये गादी थोरल्या मुलाकडे जाते. अध्यक्ष कू बोन-मू यांचा मुलगा वारला, तेव्हा त्यांनी २००४ मध्ये धाकट्या भावाचा मुलगा क्वांग-मो दत्तक घेतला. २०१८ मध्ये तो चाळिशीत अध्यक्ष झाला आणि काका कू बोन-जून कारभारातून बाजूला झाले. वडीलधाऱ्याला पुतण्याच्या हाताखाली बसायची वेळ येऊ नये, ही त्या घराण्याची रीत. १९९५ मध्येही वडीलधारे असेच पायउतार झाले होते. सॅमसंगने मात्र हा दंडक पाळला नाही. तिथे १९८७ मध्ये सूत्रं संस्थापकांच्या तिसऱ्या मुलाकडे, ली कुन-ही यांच्याकडे गेली. तेव्हा प्रत्येक गोष्टीला 'कन्फ्यूशियस' हे उत्तर देणाऱ्यांपासून जरा सावधच राहा.

प्रश्न : सोलच्या मुख्यालयात बदली झाली आहे. साहेबांना हाक कशी मारू? जेवणावळींचं काय?

आडनाव, हुद्दा आणि शेवटी 'निम' (आपल्या 'जी'सारखं आदराचं) : 'किम बुजांगनिम'. नुसत्या नावाने कधीही नको. काही कंपन्यांनी हुद्दे गाळले आहेत. सीजे या कोरियन उद्योगसमूहाने २००० मध्ये सर्वांच्या नावापुढे नुसतं 'निम' लावायला सुरुवात केली, सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सने मार्च २०१७ मध्ये सात पायऱ्यांच्या चार केल्या. पहिल्या आठवड्यात कान देऊन ऐका, सहकारी म्हणतील तेच म्हणा.

'ह्वेशिक' म्हणजे कचेरीची जेवणावळ. २०१८ पासून लागू झालेली आठवड्याला ५२ तासांची मर्यादा आणि २०१९ चा कचेरीतल्या छळाविरुद्धचा कायदा यांमुळे तिचा जाच पुष्कळ कमी झाला आहे. वरिष्ठांना दारू ओतताना आणि त्यांच्याकडून घेताना दोन्ही हात लावा, पिताना तोंड किंचित बाजूला वळवा. पीत नसाल तर सुरुवातीलाच सांगा आणि पेल्यात सरबत घ्या. पीत असाल आणि पुरे झालं असेल, तर पेला रिकामा करू नका. अर्धवट पेल्यात पुन्हा ओतायची तिथे पद्धत नाही.