ओढ्यातून आणलेला डोकऱ्या जिवंत खाद्यालाही तोंड लावत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय ते असं: खानापूरकडच्या ओढ्यातून साधारण ४ इंचाचा डोकऱ्या आणला, २ फुटी टाकीत एकटाच ठेवलाय, आज ९ दिवस झाले. पॅलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) टाकून झाले, चिकनचे तुकडे झाले, शेवटी दुकानातले २० गप्पी सोडले, तरी तो खापराच्या आड बसलाय तो बसलायच. शिकारी मासा असून जिवंत खाद्यसुद्धा का घेत नाही, हा तुमचा प्रश्न.

त्याला भूक नाही असं नाही, त्याला भीती आहे. डोकऱ्या (काही गावांत ढोक म्हणतात) हा मरळच्या कुळातला, दबा धरून शिकार करणारा मासा. आपण नीट लपलोय याची खात्री झाल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. तेव्हा खाद्य बदलत बसण्याआधी टाकीची मांडणी बदला, आणि मग गप्पी नव्हे, गांडूळ द्या.

९ दिवसांच्या उपासाने घाबरू नका. उन्हाळ्यात ओढा आटला की ओल्या चिखलात दडून दिवस काढणारी ही जात आहे; ४ इंची धडधाकट मासा दोन आठवडे तरी सहज काढतो. खरी काळजी कधी करायची ते वरून बघून ठरवा. वरून पाहताना डोकं रुंद आणि त्यामागचं अंग एकदम चिमटीत धरल्यासारखं दिसलं, तर तो खंगतोय. डोक्यापासून पाठीपर्यंत जाडी सलग असेल तर तुमच्या हातात वेळ आहे.

गप्पी आजच काढून घ्या. भेदरलेल्या माशाभोवती २० गप्पी सतत वळवळत राहिले की त्याला स्वस्थता मिळत नाही, आणि तो निजून राहिला तर ते त्याच्या शेपटीचे पर कुरतडायलाही कमी करत नाहीत. शिवाय ते पाण्याच्या वरच्या थरात फिरणार, हा खाली खापराआड. भेट व्हायची कशी? दुकानातल्या आणि गटारातल्या गप्पींबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि आतड्यातले जंत येतात, ते वेगळंच. आणि २० गप्पींची घाण नव्या टाकीत अमोनिया वाढवते, जो तुमच्या माशाची भूक मारणारं दुसरं कारण आहे.

अमोनियाबद्दल इथे थांबून सांगायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते. डोकऱ्या वर येऊन हवा घेतो, म्हणून लोक समजतात त्याला कसलंही पाणी चालतं. हवा घेतो हे खरं, पण अमोनिया कल्ल्यांना आणि कातडीला जाळतोच. टेस्ट किटवर अमोनिया आणि त्यापासून बनणारा, तसाच घातक नायट्राइट, दोन्ही शून्य दिसले पाहिजेत. नसतील तर रोज पाव हिस्सा पाणी बदला, आणि कुणाची जुनी चालू टाकी असेल तर तिच्यातला वापरलेला स्पंज आणून तुमच्या स्पंज फिल्टरला जोडा, त्यात अमोनिया संपवणारे जिवाणू असतात. मात्र त्या टाकीत आजारी मासा नको. बेळगाव शहरात नळाला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं. पाणी कुठल्याही धरणाचं असो, नळापर्यंत येताना त्यात क्लोरीन असतो. बादलीत २४ तास उघडं ठेवून, मधूनमधून ढवळून मगच वापरा. फिल्टरची हवा अगदी मंद ठेवा. बुडबुड्यांच्या धबधब्याखाली हा मासा कधीच निवांत बसत नाही.

आता मांडणी. टाकीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूच्या काचांना बाहेरून काळा कागद लावा. २ फूट बाय १ फूट बाय १ फूट टाकीत पाणी ८ इंचांपर्यंतच भरा, म्हणजे अंदाजे ३६ लिटर. वर मोकळी हवा राहिलीच पाहिजे, कारण झाकणाला पाणी टेकलं आणि वर यायला जागा उरली नाही तर हा मासा चक्क बुडून मरतो. झाकण मात्र घट्ट आणि वर वजन. वायर जाते त्या बोटभर फटीतूनसुद्धा तो निसटतो. पावसात ओढ्यातून भाताच्या खाचरात चढणारा मासा आहे तो, काचेची भिंत त्याला काय अडवणार! लपायला एक खापर पुरत नाही. २ इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, देशी बदामाची चार-पाच वाळलेली पानं आणि वर तरंगणारी कुठलीही पाणवनस्पती, एवढं घाला. खडी काढून टाका. गांडूळ खडीत शिरलं की तिथेच मरून सडतं. तळ मोकळा ठेवा किंवा बारीक धुतलेली वाळू पसरा.

हे करून तीन दिवस दिवा बंद, खाद्य बंद, काचेजवळ जाऊन बघणंही बंद. पोरांना आधी समजावून सांगा, एकाने जरी काचेवर टकटक केलं तरी सगळी मेहनत फुकट. या दिवसांत लांबून एकच गोष्ट बघा, तो हवा कशी घेतो. भेदरलेला मासा तीरासारखा वर येतो, पाणी उडवतो आणि त्याच वेगाने आत पळतो. निवांत मासा सावकाश तिरपा होत वर येतो, नाक टेकवतो, घोट घेतो, एखादा बुडबुडा सोडतो आणि आरामात खाली जातो. हा दुसरा प्रकार दिसला की त्या संध्याकाळी खाद्य द्यायचं. तो दिसेपर्यंत तीनचे पाच दिवस झाले तरी चालतील.

गांडूळच का? ते तळाशी राहतं, पळून जात नाही, वळवळ थांबवत नाही, आणि त्याचा वास पाण्यात पसरतो. डोकऱ्याला शिकार डोळ्यांनी दिसते तशी अंगाच्या दोन्ही बाजूंच्या पार्श्वरेषेतून तिची थरथरही कळते. खापरासमोर चार बोटांवर वळवळणारं गांडूळ त्याला अंधारातही समजतं. पण गांडूळ कुठलं, याला महत्त्व आहे. गांडूळखताच्या टाक्यांत पाळतात ती लाल पट्टेदार परदेशी जात डिवचली की उग्र वासाचा पिवळा द्रव सोडते. मासे ती तोंडात घेऊन थुंकतात, आणि आपण समजतो मासा हट्टी आहे. परसातली, केळीच्या बुंध्याजवळची, जुन्या शेणखताखालची साधी तपकिरी गांडुळं घ्या. फवारणीच्या शेतातली नकोत. आपल्या भागात बटाटा, ऊस, निपाणीकडे तंबाखू, सगळीकडे औषधं मारलेली असतात. आणलेली गांडुळं एक रात्र ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा, पोटातली माती निघून जाते. दुसऱ्या दिवशी धुऊन घ्या.

वेळ संध्याकाळी ७ च्या सुमाराची. खोलीतला दिवा बंद, शेजारच्या खोलीचा उजेड येईल तेवढा पुरे. गांडुळाचा इंचभर तुकडा कापा. जाडीचं माप सोपं आहे: माशाच्या डोळ्यापेक्षा फार जाड नको. बरणीचं काचेचं किंवा स्टीलचं छोटं पसरट झाकण खापराच्या तोंडापासून ३-४ इंचांवर तळाला आधीच ठेवून द्या, म्हणजे त्याला त्याची सवय होते. तुकडा लांब चिमट्याने किंवा टोक चिरलेल्या बांबूच्या काडीने त्या झाकणात सोडा आणि हात काढून मागे व्हा. माशाच्या तोंडाला लावू नका, नाकासमोर नाचवू नका. त्याला वाटलं पाहिजे की शिकार त्याने शोधली.

पुढे काय होतं ते ओळखता आलं पाहिजे. आधी फक्त डोळे खाली वळतात. मग छातीचे दोन पर पंख्यासारखे हळूहळू हलायला लागतात आणि तो खापरातून बोटभर पुढे येतो, थांबतो, पुन्हा बोटभर. शेवटी अंग नागमोडी आखडतं. त्या क्षणी तुम्ही श्वाससुद्धा जोरात घेऊ नका. झेप दिसत नाही, फक्त टप असा आवाज येतो आणि झाकण रिकामं असतं. अंग आखडून तो परत मागे गेला तरी निराश होऊ नका, तो पुढे आला हीच मोठी प्रगती.

२० मिनिटांत घेतलं नाही तर तुकडा काढून टाका, मेलेलं गांडूळ रात्रभर ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सुट्टी, तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रयोग. रोज मागे लागलात तर चिमटा दिसला की तो पळायला शिकेल.

दोन-तीन प्रयत्नांत घेतलं नाही तर गोड्या पाण्यातले बारीक जिवंत झिंगे आणा, माशाच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढे. तळ्यात काठच्या गवताखाली जाळी फिरवली की मिळतात. पाचच सोडा, दिवा बंद करा आणि सकाळी मोजा. झिंगे पाणी नासवत नाहीत, रात्रभर राहू शकतात, आणि लाजऱ्या माशाला कुणी बघत नसताना खायची सोय होते. सकाळी तीन उरले तर तुमचा मासा खातोय, मग गांडूळ आज ना उद्या घेईलच. तिसरा पर्याय रातकिडा किंवा नाकतोडा. मागचे काटेरी पाय तोडून पाण्यावर सोडायचा. वर पडून फडफडणारा किडा ओढ्यातल्या डोकऱ्याच्या ओळखीचा असतो. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती येणारी वाळवीची पाखरंही तो आवडीने खातो, पण ती चरबट, दोन-चारच द्यावीत. घरातली झुरळं नकोत, त्यांच्यावर फवारा बसलेला असू शकतो.

घोळक्याने फिरणारे काळे बेडूकमासे कधीच देऊ नका, ते बहुधा भेकाचे असतात आणि विषारी असतात. छोटे गोल्डफिशही टाळा. त्यात चरबी जास्त आणि जीवनसत्त्व बी-१ नष्ट करणारा घटक असतो, सतत दिले की शिकारी मासा आतून खराब होतो. मटण आणि चिकनची चरबी माशाला पचत नाही.

ओढ्यातले बारीक मासे पकडून खाद्य म्हणून देण्याच्या मात्र मी सक्त विरोधात आहे. सह्याद्रीतल्या एकेका ओढ्यात अशा जाती आहेत ज्या जगात दुसरीकडे नाहीत. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडातला शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटा मासा शास्त्रज्ञांनी २०२० साली नवीन जात म्हणून नोंदवला, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तीच नदी पुढे आपल्या संकेश्वरला येते. तुमच्या जाळीत काय आलंय हे तुम्हाआम्हाला नुसतं बघून कळत नाही. आणि तुमचा ओढा खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या हद्दीत असेल तर तिथून मासा, झिंगा काहीही आणणं गुन्हा आहे.

घेतो पण थुंकतो, अशी वेळ आली तर आधी गांडुळाची जात आणि जाडी तपासा. दोन्ही ठीक असेल तर तोंड बघा. मासा गळाने पकडला होता का? ओठाला किंवा टाळ्याला जखम असेल तर आठवडाभर काही देऊ नका आणि लिटरला १ ग्रॅम खडेमीठ घाला, तुमच्या टाकीला ३६ ग्रॅम. मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून दोन दिवसांत थोडंथोडं ओता. गार पाण्यातही भूक मंदावते. डिसेंबर-जानेवारीत टाकी फरशीवर किंवा खिडकीशी असेल तर पाणी २० अंशांच्या खाली जातं. २३ ते २७ अंशांत तो सगळ्यात चांगला खातो. पावसाळ्यात पुढेमागे जोडी ठेवलीत तर आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या: या जातीत नर अंडी तोंडात सांभाळतो. घसा फुगलेला आणि खाणं बंद असं दिसलं तर त्याला अजिबात छेडू नका.

एकदा खायला लागला की हात आखडता ठेवा. पहिल्या दिवशी इंचाचे दोन तुकडे, मग दिवसाआड दोन-तीन. पोट जरा गोल दिसलं की पुरे. उपाशी माशाला एकदम पोटभर दिलं तर रात्री ओकून टाकतो आणि सकाळी पाणी दुधाळ. दोन-तीन आठवडे नियमित खाल्ल्यावर त्याच झाकणात मेलेलं गांडूळ, मग सोललेल्या झिंग्याचा तुकडा चिमट्याने हलवून द्या. पॅलेटचा विचार त्यानंतर.

आणि १५ दिवसांत काहीच घेतलं नाही तर पाण्याचं तापमान, अमोनियाचं रीडिंग आणि माशाचा वरून काढलेला फोटो इथे टाका. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर तेही लिहा, मग जंतांचा विचार करावा लागेल.