सांगलीत आपल्यासाठी योग्य थेरपिस्ट कसा शोधायचा?

आधी गरज ओळखा. औषध लागेल असं वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. औषधांऐवजी बोलण्यातून उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी बिनधास्त विचारा. 'समुपदेशक' ही पाटी काय, कुणीही लावतं.

सांगली-मिरजेतली खरी अडचण वेगळीच: विश्रामबागला गाडी लावली की कुणीतरी पाहुणा भेटतोच! संकोच वाटत असेल तर ऑनलाइन सेशन घ्या. गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. तरी घरच्यांच्या ओळखीतला थेरपिस्ट मी टाळेन.

दोन-तीन भेटींत अंदाज येतो. ऐकून घेण्याऐवजी 'लग्न करून टाका' छापाचे सल्ले मिळाले तर सरळ दुसरीकडे जा. तोवर बोलायला टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६: मोफत, चोवीस तास, मराठीतही.