नवी मुंबईत नव्याने राहायला आल्यावर कोणते गमतीचे प्रसंग घडतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की गाव परभणी, नोकरी ऐरोलीला लागली आहे, इकडे ओळखीचं कुणी नाही, आणि फार परकं वाटेल का याची धास्ती आहे.

मी सोलापूरची. नवऱ्याच्या बदलीमुळे नेरूळला आले आणि इथलीच झाले. परकं वाटायचं तर समोरचा माणूस इथला असावा लागतो, आणि नवी मुंबईत नेमका तोच चटकन सापडत नाही. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं. एक आमचं, एक पालक्काडचं, एक साताऱ्याचं, एक गुंटूरकडचं. सामान लागायच्या आत प्रत्येकाने येऊन 'गाव कुठलं?' विचारलं. शहरच मुळी अलीकडचं. खाडीपलीकडच्या मुंबईचा भार हलका करायला इकडे जोडशहर वसवावं, ही कल्पना १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी मांडली, आणि १९७० मध्ये ते वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. त्यामुळे 'आमच्या कैक पिढ्या इथल्या' असं सांगणारा कुणी भेटला तर तो बहुधा आगरी किंवा कोळी असतो. त्याचं मूळ घर सेक्टरमध्ये नसतं, गावठाणात असतं. बाकी सगळे तुमच्या-माझ्यासारखे बॅगा घेऊन आलेले.

तर प्रसंग.

गुंटूरचं जोडपं आणि मी एकदा लिफ्टमध्ये. ते दोघं आपसात तेलुगूत बोलत होते. विषय, समोरच्या नव्या भाडेकरू. रविवारी सकाळी सकाळी भिंतीत खिळे ठोकतात, इतके खिळे ठोकून लावतात तरी काय, घरात फोटो किती आहेत, वगैरे. आता सोलापुरात विणकर समाजामुळे तेलुगू गल्लोगल्ली ऐकू येते. माझं लहानपण पद्मशाली शेजाऱ्यांच्या ओट्यावर गेलंय, त्यामुळे बोलता बऱ्यापैकी येतं. मी तेलुगूतच सांगितलं की खिळे नाहीत हो, खलबत्ता आहे. शेंगाचटणी कुटते. मिक्सरमध्ये तिचा भुगा होतो, तेल सुटत नाही. संध्याकाळी वाटीभर पाठवते. दोघंही तिसऱ्या मजल्यावर उतरले. घर पाचव्यावर आहे.

चटणी पाठवली, वाटीतून गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीचं, लोणचं आलं. आता एखाद्या रविवारी ठोकाठोक ऐकू आली नाही तर चौकशी होते.

पत्त्याचं मात्र गांभीर्याने घ्या. इथे 'सेक्टर सहा' हा पत्ताच नव्हे. वाशी, नेरूळ अशा शहराच्या आखीव भागांना इथे नोड म्हणतात, आणि प्रत्येक नोडचे सेक्टर एकपासून सुरू होतात. वाशीला सेक्टर सहा आहे, नेरूळलाही आहे, आणि पाचाच्या शेजारी सहा असेलच याचीही खात्री नाही. मंगळवेढ्याचे आमचे मामा मालदांडी ज्वारीचं पोतं घेऊन रात्रीच्या बसने निघाले. त्यांना नाव ठाऊक वाशीचं, म्हणून पहाटे हायवेला वाशीलाच उतरले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, सेक्टर सहा. त्याने इमानदारीत वाशीच्या सेक्टर सहात सोडलं. फ्लॅट नंबर पाठ होता, त्या नंबरच्या पहिल्या दाराची बेल मामांनी वाजवली. उजाडताना आम्हाला फोन: "मी पोचलो, चहापण झाला, तुम्ही कुठं गेलाय एवढ्या सकाळी?"

दार उघडणारे गृहस्थ सांगोल्याचे निघाले. मंगळवेढ्याच्या माणसाला सांगोल्याच्या माणसाकडे काय कमी? डाळिंबाचा भाव, पाऊस, कोण कुठल्या पार्टीत गेला, सगळं झाल्यावर आपली भाची इथे राहत नाही हे मामांच्या ध्यानात आलं. पोतं आमच्याकडे पोचलं तेव्हा त्यातली ज्वारी बरीच कमी झाली होती, कारण चहा पाजणाऱ्याच्या घरून तसंच उठून यायचं नाही. त्या सांगोलेकरांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका पुढे आम्हाला आली. आम्ही गेलोही.

हवेबद्दल थोडक्यात. सोलापुरात वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, इथे त्याहून जास्त एकट्या जुलैत पडून जातो. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी रुसते, चपलांवर बुरशी, दार फुगून लागत नाही. हे सगळं चालतं. पण माहेरून आलेली कडक भाकरी सादळली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. जी भाकरी सोलापुरात महिनोन्‌महिने टिकते आणि मोडताना आवाज करते, ती इथे वाकायला लागली. आईने फोनवर विचारलं, "भाकरी नीट आहेत ना?" मी सांगितलं, "आहेत, घडी करून ठेवल्यात." घट्ट झाकणाचे डबे भरपूर घेऊन या, एवढंच सांगेन.

आता सगळ्यात आवडती गोष्ट. आमच्या सेक्टरच्या कडेलाच सारसोळे गाव. तिकडे संध्याकाळी मावश्या मासळी घेऊन बसतात. मी मटणाच्या मुलखातली. गोड्या पाण्यातला एखादा मासा सोडला तर माशांशी ओळख नाही. एका मावशीसमोर नुसती उभी राहिले.

"घाटावरची काय गो तू?"

"कशावरून ओळखलंत?"

"मासली सोरून मना बगतंस म्हनून."

पापलेट मागितलं तर दिलं नाही. होतं समोर, चांगलं चकाकत होतं, पण दिलं नाही. "आदी कोलबीवर हात बसव. पापलेट नासवशील." विकायला बसलेल्या बाईने गिऱ्हाइकाची परीक्षा घेऊन माल नाकारावा, हे मी आधी कुठल्याच बाजारात पाहिलं नव्हतं. मग कोळंबी घेतली. साफ कशी करायची, काळा धागा कुठून ओढायचा, हे तिने शेजारच्या मावशीच्या पाटीतली कोळंबी उचलून दाखवलं. शेजारणीने त्यावरून जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. पुढे हळूहळू बढती मिळत गेली. कल्ले उचलून लाल आहेत का बघायचं, डोळे आत गेलेले नकोत, बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. मंगळवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत पाळतात, त्या दिवशी भाव बोलता येतो. रविवारी घासाघीस केली तर मावशी तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, तेव्हा पाटीत खाडीतलं थोडंफार आणि बाकी सुकट, वाकटी, सुके बोंबील. त्या दिवसांत ती मला लांबूनच सांगते, "जा, तुजं मटन खा आता."

तिला मी एकदा विचारलं, मावशी, सेक्टर सहा माहितीये ना, तिथे राहते मी. तिला सेक्टरबिक्टर कळत नाहीत. बिल्डिंगची खूण सांगितली तेव्हा म्हणाली, "ती व्हय. ती आमच्या भाताच्या शेतान हाय." आणि लगेच, "भारा (भाडं) मागत नाय मी. कोलबी घे."

हसून सांगितलं तिने, मीही हसले. पण इथे राहायचं तर एवढं माहीत असावं की हे सेक्टर ज्या जमिनीवर उभे आहेत ती गावागावांतून संपादित झाली आहे. जुन्या गावकऱ्यांच्या तोंडी 'साडेबारा टक्के' हा शब्द वारंवार येईल. तो व्याजाचा दर नाही. संपादित जमिनीच्या बदल्यात प्रकल्पग्रस्तांना परत द्यायच्या विकसित भूखंडाचा तो हिशेब आहे, आणि त्यामागे मोठा लढा आहे. भाडेकरूने निदान तो शब्द ऐकून चेहरा कोरा ठेवू नये.

थंडीपासून मेपर्यंत खाडीत रोहित पक्षी असतात. इथे सगळे फ्लेमिंगोच म्हणतात. पाम बीच रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागे, पहाटे तोफेएवढी लेन्स घेऊन माणसं उभी असतात. ठाणे खाडीतल्या रोहित अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, त्यामुळे शहराला त्यांचा भारी अभिमान. भिंतींवर रोहित, चौकात रोहित, पुलाखाली रोहित. खरे उडून गेले तरी रंगवलेले बारमाही. मामांना कौतुकाने दाखवायला नेलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं आणि म्हणाले, "हे तर आपल्या उजनी धरणावरचे." एवढ्यावर थांबले असते तर बरं. शेजारच्या कॅमेरावाल्याला त्यांनी विचारलं, "हे भिगवणवरनं कधी निघाले म्हणायचे?" तो बिचारा लेन्समधून डोळा न काढता म्हणाला, "काका, मी पण इंदापूरचाच. त्यांच्याच मागे आलोय."

त्याच फेरीत नेरूळच्या वंडर्स पार्कला गेलो. तिथे जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत. मामांनी ताजमहालापुढे उभं राहून फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. आग्र्याच्या प्रवासाबद्दल अभिनंदनं येत राहिली आणि मामा एकेकाला हात जोडल्याची खूण पाठवत राहिले. परत आल्यावर पेढे कुठे म्हणून काहींनी विचारलंसुद्धा, असं मामी सांगत होत्या.

क्रिकेटची आवड असेल तर नेरूळ परिसरात घर बघा. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मोठी मॅच असली की रस्त्यांचं काही खरं नसतं, तक्रार करणारे करतात. पण २ नोव्हेंबर २०२५ ला महिलांच्या विश्वचषकाची फायनल इथेच झाली. आम्ही मोबाईलवर बघत होतो, आणि मोबाईलवरचं चित्र मैदानापेक्षा बरंच मागे असतं. मध्यरात्र होत आलेली, आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावायला लागायची होती, आणि खिडकीतून एकदम गर्जना आली. विकेट! मग आम्ही चार घरांनी दार उघडं ठेवून दोन्ही कान खिडकीकडे लावले. शेवटच्या झेलाच्या वेळी पालक्काडच्या आजी पडद्यावर चेंडू हातात पडायच्या आधीच टाळ्या वाजवत होत्या. भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं, हे आमच्या मजल्याला बऱ्याच जगाच्या आधी कळलं. साताऱ्याचे काका तेवढे चिडले. खिडकीमुळे मजा जाते म्हणाले आणि स्वतःच्या घरात जाऊन बसले.

राहता राहिला तुमचा रोजचा प्रवास. ऐरोली ट्रान्स-हार्बर मार्गावर आहे. ठाण्याहून येणाऱ्या गाड्या तुर्भ्यानंतर दोन वाटांना फुटतात. एक सानपाड्यावरून वाशीला, दुसरी जुईनगरवरून नेरूळ-पनवेलकडे. संध्याकाळी परतताना गाडी कुठली ते चढायच्या आधी बघत चला. बायकांच्या डब्यात शिरलात की पहिला प्रश्न येतो, "कुठे उतरणार?" त्यात आपुलकी शोधू नका, त्यांना तुमची सीट हवी असते. तुम्ही लांबचं स्टेशन सांगितलंत की प्रश्न विचारणारी तत्क्षणी दुसरीकडे वळते. जवळचं सांगितलंत तर तुमच्या मागे वारसदारांची रांग लागते: ही जागा त्यांची, त्यांच्या नंतर ह्यांची, आणि हे सगळं तोंडी, बिनचूक पाळलं जातं. सकाळी नेरूळकडून जाताना तुम्हाला हा त्रास कमी, कारण घणसोली, रबाळे, ऐरोलीला कंपन्यांची इतकी माणसं उतरतात की डबा तसाही मोकळा होतो.

हात मात्र रिकामे ठेवू नका. मी एकदा घणसोलीहून परतताना खिडकीशी नुसती बसले होते. शेजारच्या अनोळखी बाईंनी काही न बोलता माझ्या मांडीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर मटारच्या शेंगा ओतल्या आणि स्वतः निवडत होत्या ती मेथी पुढे चालू केली. नाही म्हणायची सोय नव्हती. तुर्भे येईस्तोवर झाल्या सोलून. त्यांनी दाणे पिशवीत भरले, "गाव कुठलं?" विचारलं, सोलापूर म्हटल्यावर "वाटलंच, हात चालतो" म्हणाल्या आणि उतरून गेल्या. टरफलं माझ्याकडे.