गर्भजलाची तपासणी करून घ्यावी का?

प्रश्न : माझे वय ३७ असून सोळावा आठवडा चालू आहे. क्वाड्रपल या रक्तचाचणीत बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता १८० मध्ये १ आली, म्हणून डॉक्टरांनी गर्भजल तपासायला सांगितले आहे. सुई बाळाला लागेल, अशी सासूबाईंना धास्ती वाटते. अहवाल चांगला आल्यास बाळ निर्व्यंग आहे असे धरून चालावे का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : आपल्या हातातला आकडा हे निदान नव्हे. असा निकाल आलेल्या १८० गर्भवतींपैकी सुमारे १७९ जणींच्या बाळांत हा दोष नसतो. पण आपले बाळ त्यांतले आहे की नाही, हे आईच्या रक्तावरून ठरत नाही. गर्भजलात बाळाच्या पेशी असतात, त्यामुळे डाउन सिंड्रोममध्ये असतात तशा एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती आहेत का, हे तेथे प्रत्यक्ष पाहता येते.

सासूबाईंची काळजी स्वाभाविक आहे. मात्र सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ आणि सुईचे टोक दोन्ही दिसत असताना, बाळापासून दूरच्या जागेतून १५ ते २० मिलिलिटर फिकट पिवळसर पाणी काढले जाते आणि ते लवकरच भरून निघते. खरा धोका गर्भपाताचा. अनुभवी डॉक्टरांकडे तो दोनशेत एकाहून कमी असतो. आपला रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध आपल्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून देतात त्या अँटी-डी इंजेक्शनबद्दल आधीच विचारावे. नंतर पाणी किंवा रक्त गेले, कळा अथवा ताप आला, तर लगेच रुग्णालय गाठावे.

आपला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जे तपासायला दिले, तेवढ्याचेच उत्तर अहवालात येते. गुणसूत्रे निर्दोष असूनही हृदयाला छिद्र किंवा दुभंगलेला ओठ असू शकतो. त्यासाठी १८ ते २० आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी चुकवू नये. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजारसुद्धा या अहवालात दिसत नाही. पतिपत्नी दोघेही त्याचे वाहक असतील, तर डीएनए तपासणी वेगळी मागावी लागते.

काही ठरावीक गुणसूत्रांचा प्राथमिक अहवाल दोन-तीन दिवसांत मिळतो, तर पेशी वाढवून केलेल्या तपासणीला दोन ते तीन आठवडे लागतात. गंभीर व्यंग आढळल्यास २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, त्यानंतर वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. म्हणून निर्णय लांबवू नये. तो निर्णय आपला आहे, कारण गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार लेखी संमती गर्भवतीचीच लागते. याच तपासणीचा मुली नाकारण्यासाठी क्रूर गैरवापर झाला, त्यामुळे बाळाचे लिंग सांगणे आणि विचारणे हा गुन्हा आहे. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी नमुन्यावर नेमक्या कोणत्या तपासण्या होणार आहेत, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.